सोबतीचा वाटा

उज्ज्वला साळुंखेची मूत्रपिंडं थकत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिला धक्का बसला नाही. तिचे वडील, आबा, याच दुखण्यानं गेले होते. त्यांच्या आधी आजोबाही असेच सुजून गेले, पण त्या काळी बेडगसारख्या गावात या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. घराण्यातून येणारं हे दुखणं पन्नाशीच्या आसपास डोकं वर काढतं, हे तिला ठाऊक होतं. तिला बावन्नावं लागलं होतं. मिरजेत शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं, हाताखाली दोन बायका होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी केतकी कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी गेली होती. आता सगळं मार्गी लागलं असं वाटावं, नेमकी तेव्हाच पायांवर सूज दिसू लागली.

आबांच्या वेळेपेक्षा एक गोष्ट मात्र वेगळी होती. आता डायलिसिसच्या यंत्राला जन्मभर बांधून घ्यायची गरज उरली नव्हती. रुग्णाच्याच शरीरातल्या काही पेशी काढायच्या, त्यांच्यात घराण्याकडून आलेली चूक प्रयोगशाळेत दुरुस्त करायची, त्या वाढवून त्यांचा पातळ पापुद्रा करायचा आणि तो थकलेल्या मूत्रपिंडावर लावायचा. द्राक्षाच्या जंगली खुंटावर चांगल्या वाणाची काडी बांधतात, तसंच हे. म्हणून सांगली-मिरजेकडे सगळे या उपचाराला 'कलम' म्हणू लागले होते. एका वेळी थोडाच भाग लावता येई. तो रुजला की पुढचा. उज्ज्वलाला अशी सहा कलमं लागणार होती.

खर्च मोठा होता आणि तो सरकारी विमा उचलत होता, पण सगळा नाही. शंभरातले सत्तर भाग विम्याचे, तीस भाग रुग्णाचे. रुग्णाचा असा वाटा ठेवावा की नाही यावर विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाले होते. काहीच भरावं लागलं नाही तर माणसं गरज नसतानाही दवाखान्यात येतात आणि निधी आटतो, असं एका बाजूचं म्हणणं. वाटा ठेवला की ज्यांना खरी गरज आहे तीच माणसं यायची थांबतात, असं दुसऱ्या बाजूचं. दोघांकडे आकडे होते आणि दोघांचेही खरे होते. शेवटी त्यातून एक मधली वाट निघाली, तिचं नाव 'सोबत'.

सोबतीमागचं शास्त्र सरळ होतं. घरातल्या एकाला रक्तातून आलेलं दुखणं झालं, की त्याच्या भावंडांना ते होण्याचा संभव मोठा असतो. पण त्या भावंडांनी वेळीच काळजी घेतली तर ते कित्येक वर्षं पुढं ढकलता येतं, आणि विम्याचा पुढचा खर्च वाचतो. हा वाचणारा खर्च सूट म्हणून आजच्या रुग्णाला द्यायचा. त्यासाठी रक्ताच्या नात्यातल्या, राज्यात राहणाऱ्या एका धडधाकट माणसानं 'सोबती' व्हायचं. त्याच्या दंडात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक बसवत. पेशींभोवतीच्या पाण्यात साखर किती, क्षार किती, दारूचा अंश आहे का, मूत्रपिंडांनी गाळून टाकायला हवं होतं त्यातलं किती मागं उरलंय, हे तो दाणा सतत मोजत राही. झोप आणि नाडीही त्याला कळे. त्यावरून सोबत्याचा पुढचा धोका काढला जाई, आणि त्या धोक्यावर दर सोमवारी रुग्णाचा वाटा ठरे. रुग्णाला फक्त वाट्याचा आकडा कळे. तो का हलला हे मात्र सोबत्याची खाजगी बाब म्हणून झाकलेलं असे.

रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर अस्लम मुजावर नावाचा आरोग्यमित्र बसायचा. मृदू बोलण्याचा, घाई न करणारा माणूस. त्यानं विचारलं, सोबती म्हणून कुणाचं नाव घालू? उज्ज्वलानं सांगितलं की मुलगी परदेशी आहे. भाऊ आहे, इथून बारा किलोमीटरवर, पण आमचं बोलणं नाही.

अस्लमनं जास्त खोदलं नाही. एवढंच सांगितलं, की दुखणं घराण्याचं असल्यानं कायद्यानं भावाला सूचना जाणारच. सोबती व्हायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल.

बजरंग नलवडे तिच्याहून चार वर्षांनी लहान. ट्रकवर ड्रायव्हर होता, पुढं स्वतःचा ट्रक केला. अकरा वर्षांपूर्वी आबांचं डायलिसिस चालू होतं, तेव्हा जुन्या योजनेची वर्षाची मर्यादा मध्येच संपली. आबांनी त्यानंतर डायलिसिसला जायचं नाकारलं. पुरे झालं म्हणाले. उज्ज्वलानं रडून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी त्यांचं ऐकलं. बजरंग तेव्हा माल घेऊन बेंगळुरूकडे गेला होता, आणि त्याला कळवायचं नाही ही आबांची दुसरी अट होती. तो परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवसकार्याला आलेल्या चार माणसांसमोर तो म्हणाला, "आबा दुखण्यानं गेले नाहीत. अक्कानं त्यांना जाऊ दिलं." त्यानंतर दोघं एकमेकांच्या दारात गेले नव्हते.

सूचना गेल्याला पंधरवडा झाला असेल. सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना तिच्या फोनवर आकडा आला. तीस नव्हे, पंधरा. तिला चूक वाटली. खिडकीवर जाऊन विचारलं तर अस्लम म्हणाला, तुमच्या भावानं होकार दिलाय, दाणाही बसवून घेतलाय. काही निरोप आहे का, असं तिनं विचारलं. निरोप काही नव्हता.

पहिलं कलम लागलं, रुजलं. दुसरं लागलं. दर सोमवारी आकडा येत राहिला आणि त्याची तिला एक वेगळीच सवय लागली. पंधराचे सतरा झाले, मग चौदा, मग पुन्हा अठरा. बजरंग प्यायचा हे तिला माहीत होतं. लांबच्या खेपेहून आला की दोन दिवस बसायचा, मग पुन्हा आठवडाभर नाही. आकडा तसाच उड्या मारत होता. पहिल्यांदा तिला राग यायचा. याच्या एका बाटलीचे पैसे मी का भरायचे, असं वाटायचं. हळूहळू राग गेला आणि आकडा ती वेगळ्या तऱ्हेनं वाचू लागली. या आठवड्यात घरी होता वाटतं. या आठवड्यात झोप झालेली नाही. अकरा वर्षांत भावाची खबर तिला कुणाकुणाकडून उडत उडत मिळायची, आता ती दर आठवड्याला थेट त्याच्या अंगातून येत होती.

श्रावणापासून आकडा उतरू लागला. बारा, अकरा, मग नऊ. दिवाळी आली तरी नऊच. म्हणजे यानं सोडली, हे तिनं ओळखलं. त्या दिवशी तिनं दोनदा फोन हातात घेतला. काय बोलायचं? अभिनंदन करायचं? आभार मानायचे? पहिलं वाक्यच जुळेना, आणि गिऱ्हाईक आल्यावर तिनं फोन ठेवून दिला.

संक्रांतीनंतर आकडा परत चढायला लागला. दहा. अकरा. साडेबारा. चौथं कलम लागलं त्या आठवड्यात पंधरा, आणि पुढं एकोणीस.

याच सुमारास केतकी पुण्याला परतली आणि सुट्टी काढून मिरजेला आली. आईचा फोन पाहून तिनं सरळ निष्कर्ष काढला. मामाचं पुन्हा सुरू झालंय. ती स्वतः तपासणी करून आली होती. घराण्याची ती चूक तिच्यात उतरलेली नव्हती. अशा माणसाला योजना सगळ्यात मोठी सूट देई, कारण त्याचा पुढचा धोका सगळ्यात कमी.

"मामाचं नाव काढून माझं घाल," केतकी म्हणाली. "तुझा वाटा पाचावर येईल. त्यांना काही वाटायचं कारण नाही, एक संदेश जाईल एवढंच."

उज्ज्वला भाजी निवडत होती. तिला त्या चढण्यात काहीतरी खटकत होतं. पिणाऱ्याचा आकडा उडी मारतो आणि खाली येतो. श्रावणापर्यंत तिनं तेच पाहिलं होतं. हा खाली येतच नव्हता. एकाही सोमवारी नाही.

दुसऱ्या दिवशी ती अस्लमकडे गेली आणि त्याला विचारलं, की सोबत्याच्या आकड्यात नेमकं काय काय धरतात. अस्लमनं मान हलवली. तुमच्या भावाचं मला काही सांगता येणार नाही ताई, मलाही दिसत नाही, आणि दिसलं तरी सांगणार नाही.

"त्याचं नको सांगू," ती म्हणाली. "कुणाचंही सांग. आकडा वर जायला कारणं किती असतात?"

अस्लमनं समोरचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाला, "दोन. एक सवय, दुसरं दुखणं. सवयीनं आकडा उड्या मारतो. दुखण्यानं चढत जातो."

ती तशीच बाहेर पडली आणि बेडगच्या एसटीत बसली.

बजरंगच्या घरी दार उघडलं ते त्याच्या बायकोनं, रूपालीनं. "वन्सं?" एवढंच म्हणून ती बाजूला झाली. मग तिला आत नेऊन पाणी दिलं, आणि चहा ठेवता ठेवता हळू आवाजात सांगितलं, की सूचना आली त्या दिवशी यांनी ती दोनदा वाचली, जेवण तसंच टाकलं आणि आरोग्य केंद्रात जाऊन दाणा बसवून आले. अक्काला काही कळवायचं नाही, असं मला बजावलं. पहिले महिने फार जड गेले. मग श्रावणात एके दिवशी बाटली आणली, समोर ठेवली, आणि तशीच उचलून परत दिली.

बजरंग मागच्या अंगणात ट्रकच्या सावलीला बसून ताडपत्री सांधत होता. तो जाड झालाय असं तिला लांबून वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की ते जाडपण नव्हे. त्यानं वर पाहिलं, आणि सुई ताडपत्रीतच राहू दिली.

"वाटा वाढला म्हणून आलीस," तो म्हणाला.

"व्हय."

"मी पीत नाही अक्का. श्रावणापासनं थेंब नाही. त्या यंत्राला काय झालंय मला म्हाईत नाही. तुला पटणार नाही, पण खरं सांगतोय."

"मला पटलंय. म्हणूनच आले." ती त्याच्यासमोर ट्रकच्या पायरीवर बसली. "पाय पुढं कर."

त्याला कळेना. तिनं स्वतःच वाकून त्याची चप्पल काढली. पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटला होता. घोट्याच्या वर तिनं अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दोघांनीही आबांचे पाय पाहिले होते.

नंतर हळूहळू सगळं निघालं. योजनेकडून सोबत्याच्या फोनवर इशारे येतात; त्याला पहिल्या महिन्यांत प्रत्येक ग्लासामागं एक यायचा. वैतागून त्यानं ते आवाज बंद करून ठेवले होते. गाडी चालवताना कोण बघणार? त्याच ढिगात खाली दडून चार इशारे वेगळे होते, जवळच्या रुग्णालयात तातडीनं तपासून घ्या असं सांगणारे. आरोग्य केंद्राची बाईही दोनदा घरी येऊन गेली होती, दोन्ही वेळा तो खेपेवर होता. सोमवारचा आकडा मात्र त्यालाही येई; तो चढताना पाहून त्याला वाटलं, यंत्र आपल्यावर खोटा आळ घेतंय, आणि अक्का तिकडं तेच खरं मानत असणार. म्हणून तो आणखी गप्प झाला.

"म्हणजे मीपण आबांच्याच वाटेला," तो म्हणाला.

"आबांचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुझं आता कळलंय. उद्या सकाळी माझ्याबरोबर मिरजेला यायचं."

तो आला. तपासणीत तेच निघालं, पण सुरुवातीचं. औषधं आणि दोन कलमं एवढ्यावर भागेल असं डॉक्टरांचं मत पडलं. आणखी वर्ष गेलं असतं तर मात्र सांगता आलं नसतं.

खरी अडचण खिडकीवर आली. अस्लमनं नियम समजावून सांगितले, आणि यावेळी त्याचा आवाज नेहमीपेक्षा अवघडलेला होता. बजरंग आता स्वतः रुग्ण झाला, त्याचा वाटा तिसावर सुरू होणार. त्याला सोबती हवा, आणि नियमात बसणारं रक्ताचं माणूस म्हणजे एकटी केतकी. बजरंगला मूलबाळ नव्हतं. उज्ज्वलालाही केतकीच हवी, कारण आजारी माणूस सोबती राहिला तर सूट जवळजवळ संपते. एका सोबत्याला एकच रुग्ण. केतकी कुणाची, हे घरच्यांनी ठरवायचं.

बजरंगनं ठरवून टाकलं होतं. "माझं नाव काढा आणि पोरीचं अक्काला लावा. माझं मी बघून घेईन. ट्रक आहे."

"ट्रक विकून काय चालवशील?" उज्ज्वला म्हणाली. मग अस्लमकडे वळून तिनं सांगितलं, की केतकीचं नाव बजरंगच्या पुढं लावा. माझा सोबती जो आहे तोच राहू दे.

केतकीनं तिला बाजूला घेतलं. पोरगी चिडली होती, आणि चिडण्यासारखंच होतं. ज्या मामानं चार लोकांत आईवर तो आरोप केला, अकरा वर्षं जो भाचीच्या वाढदिवसाला फिरकला नाही, त्याच्यासाठी आईनं सव्वीस-सत्तावीस भाग भरायचे?

"आई, हे गणित चुकतंय."

"चुकतंय, मला दिसतंय." उज्ज्वला भिंतीला टेकून उभी राहिली. "माझी चार कलमं रुजलीत, दोनच राहिलीत. त्याचं सगळं पुढं आहे. आणि त्यानं माझ्यासाठी दारू सोडली केतकी, मला न सांगता. त्याचं नाव मी एका संदेशानं काढू?"

केतकीनं फोन पर्समध्ये टाकला. मग जाऊन तिनं दंड पुढं केला. दाणा बसवताना शेजारी बजरंग उभा होता. दुखलं का, असं त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "मामा, तुमचा वाटा आता माझ्या झोपेवर. मी रात्री जागते हं." त्यावर तो पहिल्यांदा हसला.

उज्ज्वलाचं ते वर्ष ओढाताणीचं गेलं. तिनं आणखी एका शाळेचे गणवेश घेतले. डॉक्टरांना विचारून सहावं कलम शाळा सुरू झाल्यावर, कामाचा हंगाम संपल्यावर घ्यायचं ठरवलं. अस्लमनं वरच्या कचेरीकडे लिहून पाहिलं, की एकाच घरात दोन रुग्ण आणि धडधाकट सोबती एकच असेल तर नियम काय असावा. तिकडून उत्तर आलं की विचार चालू आहे. तो चालूच राहिला. पण त्यानंतर सोबत्याचे दुखण्याचे इशारे दारूच्या इशाऱ्यांपासून वेगळे येऊ लागले, आणि ते बंद करता येईनासे झाले. एवढं झालं.

तिचं सहावं कलम आणि बजरंगचं दुसरं योगायोगानं एकाच आठवड्यात आलं. दोघांना एकाच दिवशी घरी सोडलं. बजरंगला अजून गाडी चालवायला परवानगी नव्हती. त्याच्या ट्रकवर आता भोसे गावचा एक ड्रायव्हर होता. तोच दोघांना न्यायला आला. केबिनमध्ये तिघं बसले, उज्ज्वला मधे. म्हैसाळ वेस ओलांडून ट्रक बेडगच्या रस्त्याला लागला. दोन दिवस अक्कानं आपल्याकडेच राहायचं, असं रूपालीनं निक्षून सांगितलं होतं.

रस्त्याकडेला द्राक्षबागांची छाटणी चालली होती. मग बजरंगनं समोर बघतच विचारलं, "आबा शेवटी काय बोलले?"

हा प्रश्न तो कधीतरी विचारेल म्हणून इतकी वर्षं तिनं उत्तरं रचली होती. स्वतःची बाजू मांडणारी, त्याला दोष देणारी, समजूत घालणारी. त्यातलं एकही तिला या वेळी आठवलं नाही. जे झालं होतं तेवढंच आठवलं.

"तुझं विचारत होते. बजा कुठवर पोचला म्हणाले. तुझा फोन येऊन गेला होता, म्हणून मी सांगितलं, धारवाड ओलांडलं. मग म्हणाले, आता रस्ता सरळ आहे, येईल. आणि डोळे मिटले."

बजरंगनं काच खाली केली. हात बाहेर टाकून बसला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, पुढं बैलगाडी होती.

"धारवाडनंतर सरळच आहे रस्ता," तो म्हणाला. "झोप आली तरी गाडी आपसूक चालते. त्या दिवशी परत येताना मी कित्तूरजवळ थांबलो होतो अक्का. तासभर. चहा प्यायला."

उज्ज्वलानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. थांबायलाच पाहिजे, एवढ्या लांबच्या खेपेला माणसानं थांबायलाच पाहिजे, असं ती म्हणाली. आणि दोघंही पुढच्या बैलगाडीकडे बघत राहिले.